सर्व्हर रूम थंड ठेवायची कशी? छोट्या संस्थांसाठी पायरीपायरीने

एप्रिलमधला सोमवार होता. सकाळी साडेनऊला आमच्या पतसंस्थेच्या शिपाईमामांनी सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि ते तसेच दोन पावलं मागे सरले. आतून भट्टीसारखी झळ येत होती. मी रॅकच्या, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या लोखंडी कपाटाच्या, कडीला हात लावला तर चटका बसला. केबलवर चिकटवलेल्या नावांच्या पट्ट्या डिंक सुटून खाली लोंबत होत्या. शनिवारी रात्री वीज गेली होती आणि तासाभराने आलीही होती. तेवढ्या वेळात यूपीएसने सर्व्हर चालू ठेवले, पण वीज आल्यावर एसी मात्र सुरू झाला नव्हता. सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद खोलीत सर्व्हर दीड दिवस तापत राहिले आणि शेवटी स्वतःच बंद पडले. स्टोरेजमधल्या दोन डिस्क गेल्या आणि शाखांचं काम दोन दिवस वह्यांवर चाललं.

त्यानंतर मी ती खोली नव्याने उभी केली, पुढे रत्नागिरीच्या एका संस्थेलाही मदत केली. तुमच्याकडे एखाददुसरा रॅक असेल आणि "एक एसी लावून टाकू" असं बोलणं चाललं असेल, तर त्याआधी हे वाचा. एसी किती टनाचा घ्यायचा हा प्रश्न पुढचा आहे. थंड हवा सर्व्हरच्या तोंडाशी पोहोचते का आणि वीज गेल्यावर नेमकं काय होतं, हे दोन प्रश्न आधी सोडवायचे असतात.

सुरुवातीला हे जमवून ठेवा

कागद: शेवटचं वीजबिल (मंजूर भार त्यावर असतो), यूपीएस आणि जनरेटरच्या पाट्यांचे फोटो, वितरण पेटीचा आतून काढलेला फोटो, खोलीचं मापासह साधं रेखाचित्र, रॅकमधल्या प्रत्येक यंत्राची यादी. जागा भाड्याची असेल तर आउटडोअर युनिट लावायला मालकाची लेखी परवानगी. सहकारी संस्था असेल तर तीन कोटेशन आणि संचालक मंडळाचा ठराव. ठरावात "एसी खरेदी" एवढंच लिहू नका. वायरिंग, टायमर, सेन्सर आणि वार्षिक देखभाल करारही त्यातच घाला, नाहीतर दर वेळी नव्याने मंजुरी घ्यावी लागते.

साधनं: मोजपट्टी, दोन-तीन डिजिटल थर्मामीटर (आर्द्रता दाखवणारे मिळाले तर उत्तम), क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून तिच्यातला प्रवाह मोजणारं), उदबत्तीचा पुडा. उदबत्तीचं काम पुढे येईल.

१. उष्णता मोजा

सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता खोलीत सोडतो. म्हणून वीज मोजली की उष्णता कळते. इथे पहिला सापळा आहे: सर्व्हरच्या पॉवर सप्लायवर ७५० वॉट लिहिलंय म्हणून तो तेवढे खात नाही. यूपीएसच्या पडद्यावर प्रत्यक्ष लोड किलोवॉटमध्ये दिसतो, तो दिवसातून तीन वेळा लिहून घ्या. महिनाअखेरीच्या धावपळीतला आकडा धरा, रविवारचा नको.

आमचा हिशेब असा होता. सर्व्हर, स्टोरेज, स्विच, फायरवॉल मिळून २.४ किलोवॉट. यूपीएसची स्वतःची गळती सुमारे पाव किलोवॉट. दिवा आणि अधूनमधून आत येणारा माणूस यांचे मिळून दीडशे वॉट. खोली १० बाय १२ फुटांची, वरच्या मजल्यावर, पश्चिमेची भिंत उन्हात, म्हणून भिंती-स्लॅबमधून येणारी उष्णता ढोबळमानाने १.२ किलोवॉट धरली. एकूण ४ किलोवॉट.

१ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, म्हणजेच सुमारे ३.५ किलोवॉट. या हिशेबाने ४ किलोवॉटला सव्वा टन पुरायला हवा, आणि दुकानदार लगेच दीड टन सुचवतो. इथे थांबा. "दीड टन" हा बोलण्यातला आकडा आहे. लेबलवर वॉटमध्ये छापलेली कूलिंग क्षमता बघा. ती दीड टनाच्या यंत्रावर ५,००० च्या आसपासही असू शकते. शिवाय ती बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा क्षमता दहा-एक टक्क्यांनी घटते. त्यातच घरगुती एसीच्या ताकदीचा पाव-एक भाग हवेतलं पाणी काढण्यात जातो. माणसांना त्याचा उपयोग असतो, पण सर्व्हरला घाम येत नाही.

म्हणून मी लेबलवरच्या आकड्याला ०.९ ने आणि मग ०.७५ ने गुणते. ५,००० वॉटचे उरतात ३,३७५, म्हणजे कमी पडले. ६,३०० वॉटचं लेबल असलेल्या २ टनी यंत्राचे उरतात सुमारे ४,२५०, म्हणजे चाललं. कोरड्या उन्हाळ्यात पाणी काढण्यात कमी ताकद जाते, पावसाळ्यात जास्त. कोकणात असाल तर ०.७५ ऐवजी ०.७ धरा.

२. खोली नीट करा, हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे

पश्चिमेची खिडकी विटांनी किंवा जिप्सम बोर्डने बंद करा. काचेवर काळा कागद लावून भागत नाही. वर थेट गच्ची असेल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता संध्याकाळनंतर खाली सोडत राहतो. रात्री आठला आमची खोली दुपारपेक्षा जास्त तापायची, त्याचं कारण हेच होतं. गच्चीवर चायना मोझॅक किंवा पांढरा उष्णतारोधक रंग आणि आतून इन्सुलेशनसह फॉल्स सीलिंग केल्यावर फरक पहिल्या आठवड्यातच दिसला.

मजला निवडायची संधी असेल तर सगळ्यात वरचा नको आणि पूररेषेच्या गावात तळमजलाही नको. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये तळमजल्यावरच्या यंत्रांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मधला मजला घ्या.

दाराखालची फट बंद करा, केबलसाठी पाडलेली भोकं बुजवा. यूपीएसच्या बॅटऱ्या शक्य असेल तर शेजारच्या हवेशीर खोलीत ठेवा, पण तिथेही ऊन येऊ देऊ नका. लेड-ॲसिड बॅटरीला २५ अंश मानवतं. त्यावर साधारण दर ८ ते १० अंशांना तिचं आयुष्य निम्म्यावर येतं.

३. हवेची वाट आखा

लोक हीच पायरी गाळतात. सर्व्हर पुढच्या तोंडाने थंड हवा ओढतो आणि पाठीमागून गरम हवा फेकतो. ती गरम हवा फिरून पुन्हा पुढे आली की एसी कितीही मोठा असो, सर्व्हर तापणारच.

आमच्या रॅकला पुढे टफन ग्लासचं दार होतं. दिसायला देखणं, पण हवा जाणार कुठून? मी ते काढून जाळीचं दार लावलं. त्याच दिवशी सर्व्हरच्या तोंडाशी मोजलेलं तापमान ४ अंशांनी उतरलं, एसीला हातही न लावता. तुमच्याकडे काचेचं दार असेल तर आज संध्याकाळी ते उघडं ठेवून थर्मामीटर बघा.

पुढचं काम ब्लँकिंग पॅनलचं. रॅकमधल्या रिकाम्या खणांतून पाठीमागची गरम हवा पुढे घुसते. प्लॅस्टिकचे पॅनल ते खण बंद करतात आणि फार महाग नसतात. तेवढंही बजेट नसेल तर मापाचा पत्र्याचा तुकडा कापून लावा. पुठ्ठा मात्र लावू नका, तो पेट घेऊ शकतो.

रॅक भिंतीला चिकटवू नका. पाठीमागे किमान तीन फूट जागा सोडा, माणूस आत जाऊन काम करू शकेल एवढी. दोन रॅक असतील तर दोघांची तोंडं एकाच बाजूला ठेवा. एकाची गरम हवा दुसऱ्याच्या तोंडात जायला नको.

इनडोअर युनिटची जागा ठरवायचा माझा नियम सोपा आहे: रॅकच्या तोंडासमोरच्या भिंतीवर, हवेचा झोत रॅकच्या पुढच्या बाजूला पडेल असं. गरम हवा वर चढते, छताखालून परत येते आणि स्प्लिट एसी वरूनच हवा आत घेतो, त्यामुळे चक्र पूर्ण होतं. रॅकच्या डोक्यावर इनडोअर युनिट कधीही नको. छतात बसवायचा कॅसेट एसीही नको. ड्रेन तुंबला की पाणी सरळ सर्व्हरवर.

आता उदबत्ती. एसी चालू ठेवून ती रॅकच्या पुढे, वर, बाजूला आणि मागे धरा. धूर रॅकच्या आत ओढला जातोय की वरून उलटा येतोय ते डोळ्यांना दिसतं. आमच्याकडे रॅकच्या माथ्यावरून धूर मागून पुढे येत होता, म्हणून तिथे पीव्हीसीचा पट्टीपडदा लावला. खोलीत धूर ओळखणारा सेन्सर असेल तर उदबत्तीऐवजी पतंगाच्या कागदाची पातळ पट्टी दोऱ्याला बांधून वापरा.

४. पर्याय निवडा

नुसता एक्झॉस्ट पंखा: शाखेतली स्विच, मोडेम आणि कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची पेटी, एकूण ३०० वॉटपर्यंत, आणि बाहेरचं ऑफिस एसीत असेल तर चालतो. १ किलोवॉट उष्णता १० अंशांच्या फरकाने काढायला ताशी सुमारे ३०० घनमीटर हवा लागते. ३०० वॉटला ९०, तेवढी सहा इंची पंखाही फेकतो. पण हवा आत यायला खाली जाळी ठेवाच.

दोन स्प्लिट एसी, आलटून-पालटून: एक-दोन रॅक आणि साधारण ५-६ किलोवॉटपर्यंत मी हाच पर्याय सांगेन. दोन्ही एसी असे घ्या की एकटा एक पूर्ण भार पेलेल. घरगुती एसीचं स्टार लेबल वर्षाला १,६०० तासांचा वापर धरून काढलेलं असतं आणि वर्षात तास असतात ८,७६०. एकाच यंत्रावर तेवढा भार टाकणं म्हणजे त्याला मारणं. सिक्वेन्शियल टायमर सहा किंवा बारा तासांनी पाळी बदलतो, आणि चांगल्या प्रतीचा टायमर तापमान वाढलं तर दोन्ही सुरू करतो. घेताना हे विचारून घ्या.

प्रिसिजन एसी: भार ७-८ किलोवॉटच्या पुढे असेल किंवा रुग्णालयासारखं चोवीस तासांचं काम असेल तर याच्याकडे वळा. ही यंत्रं चोवीस तास चालायलाच बनवलेली असतात, जवळजवळ सगळी ताकद हवा थंड करण्यात लावतात, आर्द्रता सांभाळतात आणि बिघाड झाला तर इशारा देतात. व्हर्टिव्ह, श्नायडर, स्टुल्झ, ब्लू स्टार अशी नावं कोटेशनमध्ये दिसतील. किंमत स्प्लिटच्या कैक पट असते. मात्र तुमच्या गावात सर्व्हिस देणारा माणूस किती तासांत येतो हे किमतीआधी विचारा. पुण्याहून इंजिनिअर यायला दोन दिवस लागणार असतील तर महागडं यंत्र असूनही तुम्ही दोन दिवस उघड्यावर.

इन-रो कूलिंग: एसी रॅकच्या रांगेतच, शेजारी उभा. एकेका रॅकमध्ये दहा किलोवॉटच्या आसपास किंवा जास्त भार असेल तरच.

चिलर, रॅकच्या मागच्या दारातली थंड पाण्याची जाळी, थेट चिपवर द्रव फिरवणं, सर्व्हर तेलासारख्या द्रवात बुडवणं: हे नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, पनवेलच्या मोठ्या डेटा सेंटरचं जग. एनव्हिडियाच्या जीबी२०० पिढीतला एआयचा एक अख्खा रॅक सुमारे १२० किलोवॉट खातो, तिथे हवा पुरतच नाही. छोट्या संस्थेने यात पडायचं कारण नाही.

डेझर्ट कूलर: नागपूर-विदर्भातून हा प्रश्न हमखास येतो, कारण तिथल्या घरांत वाळ्याचा कूलर मे महिन्यात सुरेख काम करतो. सर्व्हर रूममध्ये तो नको. ओलावा, धूळ आणि पाण्यातले क्षार सर्व्हरच्या बोर्डावर बसतात, आणि पावसाळ्यात तो थंडही करत नाही.

आणखी एक पर्याय मोकळेपणाने विचारात घ्या: सर्व्हर स्वतःकडे ठेवायचेच का? तीन सर्व्हरसाठी दोन एसी, जनरेटर आणि देखभाल यांचा पाच वर्षांचा खर्च मांडा, आणि तो भाड्याच्या डेटा सेंटरमधल्या जागेच्या किंवा क्लाउडच्या खर्चाशेजारी ठेवा. शाखांचं इंटरनेट भरवशाचं नसल्यामुळे आम्ही सर्व्हर इथेच ठेवले. तुमचं उत्तर वेगळं असू शकतं.

५. विजेची बाजू

वीज परत आल्यावर एसी आपोआप सुरू झालाच पाहिजे. "ऑटो रीस्टार्ट" आहे का हे माहितीपत्रकात वाचा आणि दुकानातच प्लग काढून-लावून दाखवायला सांगा. आमच्या जुन्या एसीत ती सोय नव्हती. त्या एप्रिलचं सगळं नुकसान एवढ्या एका गोष्टीने झालं.

प्रत्येक एसीला स्वतंत्र एमसीबी आणि योग्य जाडीची स्वतंत्र वायर. तीन फेज असतील तर दोन्ही एसी वेगवेगळ्या फेजवर. एक फेज गेला तरी दुसरा चालतो. मंजूर भारात बसत नसेल तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज आधी करा. त्यासाठी परवानाधारक विद्युत ठेकेदार गाठा, चाचणी अहवाल तोच देतो.

एसी यूपीएसवर टाकू नका, जनरेटरवर टाका. कॉम्प्रेसर लगेच उठत नाही, सुमारे तीन मिनिटं घेतो, तेवढं चालतं.

जनरेटर नसेल तर हा हिशेब समजून घ्या. आमच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा आहे. २.६५ किलोवॉटची उष्णता फक्त त्या हवेतच साठत गेली तर दर पंधरा-सोळा सेकंदांना १ अंश वाढेल. भिंती आणि फरशी बरीच उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात वेग कमी असतो, तरी तुमच्याकडे तास नसतात, मिनिटं असतात. दोन तासांची यूपीएस असून एसी बंद असेल तर ती यूपीएस सर्व्हर भाजायचं काम करते. तोंडाशी ३५ अंश झाले की सर्व्हर नीट क्रमाने बंद होतील अशी व्यवस्था यूपीएसच्या सॉफ्टवेअरमधून करून ठेवा.

६. बसवताना समोर उभं राहा

कारागीर सकाळी येतात, दुपारपर्यंत जायची घाई असते. या चार गोष्टींसाठी थांबा आणि थांबवा. तांब्याची पाइप जोडल्यावर नायट्रोजनने गळती तपासायला सांगा. व्हॅक्यूम पंप लावून हवा काढायला सांगा. गॅस सोडून हवा ढकलून देण्याची सवय अनेकांना असते, ती चालवून घेऊ नका. ड्रेन पाइपला सलग उतार हवा. इनडोअर युनिटमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडताना स्वतः बघा. भिंतीतलं भोक दोन्ही बाजूंनी बुजवून घ्या, नाहीतर तिथून पाल आणि उंदीर येतात.

आउटडोअर युनिटवर सावली असावी, पण पुढे मोकळी जागा हवी, आणि दोन युनिट समोरासमोर नकोत. कबुतरांसाठी जाळी लावा. रत्नागिरीला मी जे शिकले ते असं: खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्टँड दोन पावसाळ्यांत गंजून पोखरतो. गॅल्व्हनाइज्ड स्टँड आणि गंजरोधक लेपाची कॉइल मागून घ्या, आणि महिन्यातून एकदा कॉइल गोड्या पाण्याने धुवा.

वॉरंटीचं कार्ड तिथेच वाचा. व्यावसायिक किंवा चोवीस तासांच्या वापराला वॉरंटी लागू नाही अशी ओळ असेल तर विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्या.

७. किती अंशांवर ठेवायचं?

सर्व्हर रूम म्हणजे १६ अंश, हा गैरसमज सोडा. अमेरिकेतल्या ॲश्रे या संस्थेची जगभर मानली जाणारी शिफारस सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश अशी आहे. तोंडाशी, हे लक्षात घ्या. एसीच्या रिमोटवर दिसतं ते नव्हे. थर्मामीटर रॅकच्या पुढच्या बाजूला खाली, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी चिकटवा. वरचा नेहमी जास्त दाखवतो आणि तुमचा निर्णय त्याच्यावरच घ्यायचा असतो. आम्ही एसी २४ वर ठेवतो, वरचा थर्मामीटर २५-२६ दाखवतो. सेटिंग १६ वर आणि फिल्टर घाण, अशी जोडी जमली की कॉइलवर बर्फ धरतो, हवा अडते, आणि बर्फ वितळला की पाणी टपकतं. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली की पुरे.

८. मुद्दाम बिघडवून बघा

कामाचे पैसे चुकते करण्याआधी शनिवारी दुपारी, भर उन्हात, हे करा. एक एसी बंद करून दोन तास तापमान लिहा. मग दुसऱ्याची पाळी. मग मेन स्विच पाडा: जनरेटर उठतो का, एसी परत सुरू होतो का, टायमर कुठे अडकतो का ते बघा. आमच्याकडे याच चाचणीत टायमर वीज आल्यावर वेळ विसरतो हे कळलं, आणि तो बदलून घेता आला.

९. रोजचं आणि सुट्टीआधीचं

सर्व्हरच्या आत तापमानाचा सेन्सर असतोच. आयड्रॅक (डेलच्या सर्व्हरचं) किंवा आयएलओ (एचपीच्या सर्व्हरचं) या देखरेखीच्या पानावर तो आकडा दिसतो आणि तिथूनच ३० अंशांना ईमेल लावता येतो. शिवाय एसएमएस पाठवणारा स्वतंत्र सेन्सर घ्या, कारण सर्व्हर बंद पडला की त्याचा ईमेलही बंद. इशारा दोन माणसांच्या फोनवर जाऊ द्या. एकजण लग्नाला गेलेला असतोच.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा, मार्च ते मे दर आठवड्याला. पावसाळ्याआधी ड्रेनमध्ये पाणी ओतून बघा, आत शेवाळ धरतं. रिमोट दोरीने भिंतीला बांधा.

दिवाळी, गणपती किंवा सलग सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतः खोलीत जाते. दोन्ही एसी एकेकदा चालवते, जनरेटरचं डिझेल बघते, तिन्ही थर्मामीटरचे आकडे दाराच्या आतल्या बाजूला लावलेल्या तक्त्यावर लिहिते. दाराच्या बाहेर मोठ्या अक्षरात तीन फोन नंबर लावले आहेत: माझा, वायरमनचा आणि एसीवाल्याचा. खोलीची दुसरी किल्ली रात्रपाळीच्या वॉचमनदादांकडे असते, आणि इशारा आला तर दार सताड उघडून टेबलफॅन रॅककडे तोंड करून लावायचा, हे मी त्यांना एकदा करून दाखवलं आहे.